सव्विसाव्या छर्‍यानंतर

ह्यांची एअर रायफल वीस वर्षं आमच्या घरात होती आणि तेवढ्या काळात मी तिला एकदाही हात लावला नव्हता. दाराआडच्या कोपऱ्यात तिची लांब लाकडी पेटी उभी असायची. केर काढताना मी ती उचलून बाजूला ठेवी आणि परत जागेवर लावी. आमची एवढीच ओळख.

हे धाटावच्या एका रासायनिक कंपनीत देखभाल विभागात होते आणि मी रोह्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल. घर रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात. ह्यांचे एक मित्र पेणला गणपतीचा कारखाना चालवत. मी त्यांना भाऊजी म्हणते. गणपती रवाना झाले की त्यांची मोठी पत्र्याची शेड चारेक महिने अर्धी रिकामी असायची. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप लावून त्यांनी दहा मीटर मोजले होते. भिंतीशी भुशाची पोती रचलेली, पोत्यांपुढे निशाणाची कार्डं. दहा-अकरा माणसं रविवारी तिथे जमत आणि हेही सुट्टी असली की सकाळच्या पॅसेंजरने जात. मी सोबत जाई ती गाडीत वाचता येतं म्हणून. निडी गेलं, नागोठणे गेलं, कासू आलं की पुस्तकात खूण घालायची. शेडमध्ये प्लास्टरच्या पोत्यावर बसून पुढची पानं वाचायची. छर्रा सुटल्याचा फट् आवाज इतका ओळखीचा झाला होता की तो ऐकूही येत नसे.

ही रायफल नळी मोडून हवा भरायच्या जातीची नव्हती. तिच्या नळीखाली हातभर नाही, पण वीतभर लांबीचं पोलादी नळकांडं होतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असे, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. चाप ओढला की आतली हातोडी व्हॉल्व्हवर आदळते, चिमूटभर गॅस सुटतो आणि छर्‍याला ढकलतो. पुढे दाबलेल्या हवेच्या रायफली आल्या. शेडमधल्या एकेकाने जुनी काढून नवी घेतली, भाऊजींनीही घेतली. हे गॅसवरच राहिले.

ह्यांची शेवटची स्पर्धा मला नीट आठवते, कारण त्या दिवशी मी पुस्तकातून मान वर केली होती. दरवर्षी पौषात, मूर्तींचं नवं काम जोरात सुरू होण्याआधी, शेडमध्ये चाळीस छर्‍यांची आपापसातली स्पर्धा होई. सव्विसाव्या छर्‍याला फट् ऐवजी फुस् झालं. छर्रा कार्डाच्या खाली भुशात गेला. गॅस गळून संपला होता. हे हसले, रायफल खाली ठेवली आणि माझ्या शेजारी पोत्यावर येऊन बसले. "पुढच्या वर्षी सील बदलतो," म्हणाले. पुढच्या वर्षीच्या आतच, पावसाळ्यात, ते गेले.

गणपती झाल्यावर भाऊजी घरी आले. चहा समोर गार होत होता.

"वहिनी, एक सुचवू? रागावू नका. शेडमध्ये काचेचं कपाट करतोय. त्यात त्याची रायफल ठेवू. वर फोटो, फोटोला हार. पोरं बघतील, विचारतील."

"चालत नाही म्हणून कपाटात?"

"आता ती कोण चालवणार? गॅसच्या रायफलीचं मरणच हाय ते. थंडीत मरगळते, उन्हात उधळते. त्याला जमायचं ते त्याला जमायचं."

भिंतीवर ह्यांचा एक फोटो आधीच होता, हार घातलेला. रोज सकाळी त्या हाराकडे न बघता दिवा लावायला मी नुकती शिकत होते. आता पेणच्या शेडमध्ये दुसरा हार लागणार होता. माणसाचं मला काही करता आलं नव्हतं. निदान ह्या लोखंडाला तरी मी जिवंतपणी हार घालू देणार नव्हते. मी अशा गोष्टी बोलून दाखवत नाही. एवढंच म्हणाले, "पौषातली स्पर्धा होऊ द्या. ही चाळीस छर्रे पुरे करू शकली नाही तर मी स्वतः आणून कपाटात ठेवीन."

"चालवणार कोण?"

"मी."

भाऊजींनी गार चहा एका घोटात संपवला. "वहिनी, तुम्ही वीस वर्षं माझ्या पोत्यावर बसून निशाणाकडे पाठ करून पुस्तक वाचलंत."

"म्हणून तर. आता पुढे तोंड करून बसते."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेटी उघडली. रायफलीबरोबर आत निळ्या पुठ्ठ्याची वही होती, फोटोच्या रोलच्या डबीत सीलचे तीन नवे रबरी वाशर होते, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला, आता वाळलेला शाडूचा गोळा होता आणि विणकामाची एक सुई होती. सुई माझी. तिची जोडीदार माझ्या पिशवीत सात-आठ वर्षं एकटी पडली होती आणि मी ती हरवल्याबद्दल घरातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. टोकापासून साधारण दीड बोटावर तिला लाल दोरा बांधलेला. वही वाचल्यावर उलगडा झाला. छर्‍याचा वेग मोजायचं यंत्र ह्यांच्याकडे नव्हतं. म्हणून ते शाडूच्या गोळ्यात छर्रा मारत आणि भोकात सुई घालत. दोऱ्यापर्यंत गेली की वेग बरोबर. कमी गेली तर हातोडीच्या स्प्रिंगचा स्क्रू पाव फेरा आत, जास्त गेली तर बाहेर. शाडू किती ओला ठेवायचा तेही लिहिलं होतं: "मूर्तीचा कान करायला घेतात तेवढा."

पुस्तकं वाचून आयुष्य गेलेल्या बाईला एखादी वही समजायला अवघड नसते. पण ही वही ज्याला सगळं माहीत आहे अशा माणसाने स्वतःसाठी लिहिलेली होती. जे त्यांच्या हातात होतं ते कागदावर उतरलेलंच नव्हतं.

वाशर बदलायला मला चार दिवस लागले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, प्रत्येक तुकडा काढला त्या क्रमाने मांडून, त्याच्या बाजूला पेन्सिलने आकडा घालून. नवे वाशर बसवताना तेलाचा हात द्यायचा एवढं मला कळत होतं. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली हाताशी होती. पण ते पडलं खनिज तेल, रबराला बाधेल, असं मी कुठेसं वाचलं होतं. म्हणून मी खोबरेल घेतलं. आमच्याकडे बिजागरी कुरकुरली, कुलूप अडलं, फणस कापायला घेतला, मुलाचं डोकं तापलं, तर हात खोबरेलाकडेच जातो. व्हॉल्व्हलाही मी मायेने खोबरेल लावलं.

मग गॅस. रोह्यात सोड्याचा कारखाना चालवणारे एक म्हातारे गृहस्थ ह्यांना गॅस भरून देत. मी नळकांडं पुढे केलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि उलटंसुलटं करून बघितलं.

"बाई, साहेब ह्याला तान्ह्या पोरासारखं आणायचे. फडक्यात गुंडाळून. तुम्ही तर भाजीच्या पिशवीत आणलंत."

त्यांनी भरलं, त्यांच्या साखरेच्या काट्यावर तोललं आणि मान हलवली. जेमतेम चौथा हिस्सा गॅस आत गेला होता.

"साहेब गार करून आणायचे," ते म्हणाले. "हे गरम असलं की आतला गॅस बाहेरच्याला ढकलतो, येऊ देत नाय. बर्फ लागतो."

वहीत "बर्फ, मीठ" असं लिहिलेलं होतं खरं. मला वाटलं होतं बाजाराची यादी आहे.

मी मासळी बाजारात गेले. आमच्या घरात मासे होत नाहीत, त्यामुळे तिथे मला वाट काढावी लागली. पहिल्याच ओट्यावरच्या कोळणीकडे मी बर्फ मागितला.

"म्हावरा नको, नुसता बरफ? बरफाचं कालवण करतंस काय गो बाय?"

शेजारच्या दोघी खदखदा हसल्या. मी पिशवीतून नळकांडं काढून दाखवलं. तिचं हसू थांबलं.

"आगो, ही त्या कंपनीवाल्या भावाची कांडी! तू त्याची घरवाली? तो माझ्याकडनंच न्यायचा बरफ. मी म्हनायची, भावा, एक दिवस तरी पापलेट ने. तर म्हनायचा, घरी बाय पुस्तकानं मारेल." तिने डालग्यातला बर्फ ओंजळीने पिशवीत भरला. वर खाडीकडचं जाडं मीठ मुठीने टाकलं. "मीठ आसंच पायजे, खड्याचं. बारीक मिठानं थंडी धरत नाय. ने. आणि पुन्हा ये, म्हावरा नाय घेतलास तरी."

बर्फ-मिठात अर्धा तास ठेवलेलं नळकांडं हातात धरवत नव्हतं. सोडेवाल्यांनी मोठी टाकी लाकडी घोडीवर तोंड खाली करून ठेवली, म्हणजे गॅसऐवजी त्याचं पाणी उतरतं. मग चावी उघडली. आत सरकणारा सूं असा बारीक आवाज आला. काट्यावर नळकांडं भरलं. वहीतल्या ह्यांच्या वजनाच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच भरलं, तेवढं त्यांनी लगेच सोडून दिलं. "इथल्या उन्हात गच्च भरलेलं ठेवायचं नाय. साहेबांचा आकडा म्हणजे आकडा." घरी सांध्यांना साबणाचं पाणी लावून मी पंधरा मिनिटं बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा मी माझ्या आवाजात कुणाला तरी "वा" म्हणाले.

रविवारी पेणला गेले. भाऊजींनी उभं कसं राहायचं, डावा कोपर बरगडीला कसा टेकवायचा, श्वास कुठे सोडायचा हे शिकवलं. पदर खोचून मी उभी राहिले. पहिले दहा छर्रे कार्डावर पडले तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. बारावा खाली गेला. तेरावा त्याच्याही खाली. पंधरावा कार्डाच्या कडेला. शाडूत मारून सुई घातली तर लाल दोरा अर्धं बोट बाहेर.

"बघा. मरगळली," भाऊजी म्हणाले.

वहीत एक ओळ होती: "दोन छर्‍यांत दीड मिनिट. गॅस सुटताना गार होतो, त्याला परत ऊब येऊ द्यावी." ती वाचून मला हसू आलं. इतकी वर्षं मी ह्यांना टोमणे मारत आले होते की बाकीचे चहा पिऊन घरी निघाले तरी तुमचे पाच छर्रे शिल्लक. मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा. मीही दीड मिनिट थांबायला लागले. फरक पडला, पण पुरता नाही. आता पडझड विसाव्याला सुरू होई. अर्धा तास रायफल बाजूला ठेवली की ती पुन्हा पहिल्यासारखी मारायची आणि पुन्हा विसाव्याला ढेपाळायची. थंडी पडू लागली तशी ती पंधराव्यालाच बसू लागली. स्क्रू आत फिरवला, बाहेर फिरवला. वाशर उघडून पाहिले, चांगले होते. आठ रविवार असे गेले. एका रविवारी शेडमध्ये सुतार काचेच्या कपाटाचं माप घेत होता.

मार्गशीर्षातल्या एका गार सकाळी मी न्हाणीघरात डोक्याला तेल लावायला बाटली उचलली. खोबरेल थिजलं होतं. पांढरं, घट्ट, बोट आत जाईना. दर थंडीत करते तसं मी बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी केली आणि तेल सुटायची वाट बघत उभी राहिले. कडेने ते पारदर्शक व्हायला लागलं. मधला गोळा मात्र हलत नव्हता.

मी केस तसेच सोडून बाहेर आले.

हातोडी आदळते, गॅस सुटतो, व्हॉल्व्ह गार होतो. दहा-पंधरा छर्‍यांनंतर तो ह्या न्हाणीघराच्या फळीपेक्षा कितीतरी गार होत असणार. आणि त्याच्या अंगाला मी माझ्या हाताने खोबरेल चोळलं होतं. रायफल मरगळत नव्हती. आत तेल थिजून व्हॉल्व्ह चिकटत होता, पुरता उघडत नव्हता. ऊब आली की सुटत होता.

मी सगळं पुन्हा उघडलं. एका तासात, वर्तमानपत्रावर आकडे न घालता. व्हॉल्व्ह पुसला तेव्हा फडक्यावर पांढरट मेणासारखा थर आला. मग शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. वाशरांच्या डबीच्या झाकणात एक चिठ्ठी चिकटवलेली होती, ती मी तेव्हा नीट वाचली. ह्यांच्या बारीक अक्षरात: "ह्यांना मशीनचं तेल चालतं." वहीचं पानन् पान वाचणाऱ्या ग्रंथपालबाईंनी झाकण मात्र वाचलं नव्हतं.

त्या रविवारी पंचवीस छर्रे मारले. पंचविसावा पहिल्याच्या शेजारी. मी कुणाला काही सांगितलं नाही. भाऊजींनी कार्ड उचलून उजेडात धरलं आणि नुसतं "हं" म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी नळकांडं फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, मी पॅसेंजरने निघाले. पुस्तक नेलं नव्हतं. कासूला बाहेर धुकं होतं. शेडमध्ये पोचले तेव्हा काचेचं कपाट तयार होऊन भिंतीला लागलेलं, आत रिकामं. शाडूत छर्रा मारला, स्क्रू पाव फेरा आत घेतला, गोळा पुन्हा मळून दुसरा मारला. दोरा बरोबर भोकाच्या कडेशी आला.

चाळीस छर्‍यांना सव्वा तास. मी दीड मिनिटाचा नेम धरला. दोन छर्‍यांमध्ये रायफल लाकडी घोडीवर टेकवायची, हात खाली सोडायचे, वाट बघायची. शेजारचे भराभर मारून पुढे जात होते. विसावा छर्रा गेला, बरोबर. एकविसावा. चोविसावा थोडा वर बसला. पंचविसावा आणखी वर.

आपले चाळीस मारून मागे येऊन थांबलेले भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, वर जातायत."

सव्विसावा मारला. तोही वर. रायफल घोडीवर ठेवली आणि हात खाली सोडले. ह्या जागेपुढे ही रायफल गेली नव्हती, आणि हेही. शेजारच्या दोघांनी आपल्या रायफली खाली केल्या. मला वाटतं तिथल्या जुन्या माणसांना तो आकडा माझ्याइतकाच आठवत होता.

छर्रे वर जातात म्हणजे गॅस तापतोय. सकाळ गार होती, मग तो कशाने तापतोय? मी खाली बघितलं. छपरात उजेडासाठी घातलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यातून उन्हाची पट्टी आली होती आणि सरकत सरकत घोडीवर, नेमकी नळकांड्यावर, येऊन बसली होती. मी खोचलेला पदर सोडला आणि नळकांड्यावर घातला. स्वतः उन्हाच्या बाजूला सरकून उभी राहिले.

कुणीतरी हसलं. भाऊजी म्हणाले, "गप. वहिनींना कळतंय."

तीन मिनिटं थांबले. वेळ खर्ची पडत होता, पडू दिला. मग पदर काढून रायफल उचलली. कोपर बरगडीला टेकवला. अर्धा श्वास सोडला. सत्ताविसावा छर्रा काळ्या वर्तुळाच्या मधोमध गेला. दुर्बीण लावून बसलेला माणूस नियम विसरून ओरडला, "दहा!"

त्यानंतरचे तेरा मी मोजले नाहीत. मारायचा, रायफल पदराखाली ठेवायची, थांबायचं, उचलायची. कुणी चहाला गेलं नाही. चाळिसावा सुटला तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. आवाज पहिल्यासारखाच, भरलेला. फट्.

मी रायफल खाली ठेवली नाही. "भाऊजी, शाडू," म्हणाले. त्यांनी गोळा आणून पोत्यावर ठेवला. सकाळच्या छर्‍याच्या शेजारी एक्केचाळिसावा मारला. विणकामाची सुई भाऊजींनी स्वतः घातली, दोनदा घातली, आणि बोटाने दाखवली. लाल दोरा कडेशी होता.

गुण तीनशे बावीस झाले. अकरा जणांत मी सहावी आले. भाऊजी सातवे.

"नवी रायफल, दाबलेली हवा, आणि सातवा," मी म्हणाले.

"वहिनी, माझ्याकडे पदर नाय," ते म्हणाले. सगळी शेड हसली आणि मीही, ह्यांच्यानंतर पहिल्यांदा, मोठ्याने हसले. मग ते कपाटाकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता ह्याचं काय करू? काच बसवून झाली."

मी शाडूचा गोळा उचलून त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी मधल्या फळीवर ठेवला, शेजारशेजारची दोन्ही भोकं पुढे करून. अजून तिथेच आहे. सुकून त्याला बारीक तडा गेलाय. पण भोकांची खोली तीच आहे. नव्या पोरांना भाऊजी सुई देतात आणि घालून बघायला लावतात. वर फोटो नाही, हार नाही.

परतीच्या गाडीत रायफलीची पेटी माझ्या शेजारी खिडकीकडे उभी होती. रोह्याला उतरून मी सरळ सोडेवाल्यांकडे गेले. त्यांनी नळकांडं काट्यावर ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, अजून अर्धं शिल्लक हाय."

वहीतली ह्यांची शेवटची नोंद होती, "२६. गॅस संपला. सील बदलणे." तिच्याखाली मी लिहिलं, "४०, शिवाय एक. सील बदलले. खोबरेल लावू नये." मग वही पेटीत ठेवली, सुई ठेवली आणि पेटी दाराआड तिच्या जागी उभी केली. पुढचा रविवार आठवड्यावर होता.